तळमजल्यापासून गच्चीजवळच्या खोलीपर्यंत लॅन केबल कशी न्यावी

प्रश्न असा आहे. नाशिकमधला बंगला, तळमजला अधिक दोन मजले. फायबरचं मोडेम तळमजल्याच्या हॉलमध्ये टीव्हीजवळ आणि कामाची खोली दुसऱ्या मजल्यावर, गच्चीला लागून. वायफाय तिथे जेमतेम पोचतं, मीटिंग मध्येच तुटते. वायरमनचं म्हणणं की लाइटचे पाईप भरलेले आहेत, भिंत फोडावी लागेल, आणि एवढ्या लांब केबलमध्ये स्पीड पडणारच, म्हणून पहिल्या मजल्यावर मध्ये एक नेटवर्क स्विच (एका लॅन लाइनच्या अनेक लाइन करणारा डबा) टाकावा. केबल कोणती घ्यायची, कुठून न्यायची आणि तो मधला स्विच खरंच लागतो का?

मधला स्विच लागत नाही. तांब्याच्या लॅन केबलची मर्यादा १०० मीटर आहे: भिंतीत कायमची बसवलेली केबल ९० मीटर आणि दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड, म्हणजे सॉकेटपासून उपकरणापर्यंतच्या छोट्या तयार केबल, मिळून १० मीटर. तुमचं अंतर मोजून बघा. मोडेमपासून जिन्यापर्यंत आडवं ८ मीटर, दोन मजल्यांची उंची स्लॅब धरून साडेसहा मीटर, वर जिन्यापासून टेबलापर्यंत ७ मीटर, भिंतीतली चढउतार आणि टोकांना राखून ठेवायची केबल मिळून साधारण ६ मीटर. म्हणजे २७-२८ मीटर. मर्यादेच्या एक तृतीयांशही नाही. शिवाय केबलवरचा वेग वायफायसारखा अंतराबरोबर हळूहळू उतरत नाही. दोन्ही टोकांची उपकरणं आपसात १००० किंवा १०० मेगाबिट असा एक वेग ठरवतात आणि तिथेच थांबतात. केबल चांगली असेल तर २८ मीटरवर जे मिळतं तेच ८० मीटरवर मिळतं.

तरीही वायरमनला वर गेल्यावर स्पीड पडलेला दिसतो हे खरं आहे. त्याची कारणं वेगळी असतात: तांब्याच्या नावाखाली विकलेली ॲल्युमिनियमची केबल, मध्येच पिळून टेप मारलेला जोड, चुकीच्या क्रमाने भरलेला कनेक्टर. लांबीचा दोष नसताना लांबीवर खापर फुटतं आणि खरा दोष भिंतीत तसाच राहतो. म्हणून आधी केबलबद्दल सविस्तर.

कॅट सिक्स घ्या: यूटीपी (शिल्डची जाळी नसलेली), सॉलिड (एकेरी जाड तारेची), शुद्ध तांबं, २३ गेज (२४ पेक्षा जाड). घरात आधीपासून चांगली कॅट फाइव्ह ई असेल तर ती उपटू नका, १ गिगाबिट ती पूर्ण १०० मीटरपर्यंत देते आणि अडीच गिगाबिटही देते. पण नवीन ओढायचीच असेल तर कॅट सिक्सच, कारण मजुरी तेवढीच लागते आणि ५५ मीटरच्या आत ही केबल १० गिगाबिटपर्यंत जाऊ शकते. बऱ्याच केबल एकत्र बांधलेल्या असतील तर हा आकडा ३७ मीटरपर्यंत खाली येतो, तरी तुमच्या घराला पुरतो. कॅट सिक्स ए जाड आणि ताठ असते, घरातल्या अरुंद बेंडमधून ती नेणं जिवावर येतं आणि त्या मोबदल्यात घरात काही मिळत नाही. ऑनलाइन दिसणाऱ्या चपट्या ‘कॅट सेव्हन’, ‘कॅट एट’ केबल भिंतीत घालू नका. आतल्या तारा केसासारख्या बारीक असतात, त्या पॅच कॉर्ड म्हणून टेबलामागे ठीक आहेत. फॉइलची जाळी असलेली शिल्डेड केबलही नको. शिल्डला नीट अर्थिंग मिळालं नाही तर ते उलट आजूबाजूच्या विजेचा गोंगाट गोळा करतं, आणि आपल्याकडच्या घरांचं अर्थिंग कसं असतं ते वेगळं सांगायला नको.

आता सीसीए, म्हणजे ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा. बाजारात स्वस्त मिळणारी बरीचशी केबल हीच असते. केबलच्या मानकात ती बसत नाही, खोक्यावर ‘कॅट सिक्स’ छापलेलं असलं तरी. ओळखायचे साधे उपाय आहेत. तार कापून टोक ब्लेडने खरवडा, आतून चंदेरी निघाली तर ॲल्युमिनियम. खोकं हातात घेतल्यावर संशय यावा इतकं हलकं लागतं. तार दोन-चार वेळा मागेपुढे वाकवली की तुटते. पण खात्रीचा उपाय म्हणजे मल्टीमीटर. केबलच्या एका टोकाला निळी आणि पांढरी-निळी तार एकमेकींना पिळा, दुसऱ्या टोकाला त्याच दोन तारांमध्ये ओहम मोजा. मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून जो आकडा येतो (बहुधा ०.२ ते ०.५) तो वजा करा. १०० मीटरच्या कॉइलला २३ गेजच्या शुद्ध तांब्याचा आकडा १४ ओहमच्या आसपास येतो, २४ गेजचा १७ च्या आसपास. पावणेएकोणीसच्या वर गेला तर केबल मानकात बसत नाही, आणि सीसीए हमखास २० च्या पुढे जाते. ३०५ मीटरच्या खोक्यात आतलं टोक बहुतेक वेळा हाताला लागत नाही. तिथे पहिली केबल कापल्यावर कनेक्टर लावण्याआधी मोजा. तुमच्या २८ मीटरला चार ओहमच्या आसपास आकडा यायला हवा, सव्वापाचच्या वर गेला तर खोकं परत करा. पाच मिनिटांचं काम आहे.

एवढा आग्रह का, तर सीसीए पहिल्या दिवशी चालते. तिचा त्रास नंतर सुरू होतो. ॲल्युमिनियम सॉकेटच्या पात्यात नीट धरून राहत नाही, दमट हवेत गंजतं, वाकलं तिथे तुटतं. आणि केबलमधूनच कॅमेऱ्याला किंवा ॲक्सेस पॉइंटला (केबलवरून वायफाय देणारा डबा) वीज द्यायची असेल, म्हणजे पीओई वापरायचं असेल, तर जास्त रोधामुळे व्होल्टेज पडतं आणि केबल तापते. कॅमेरा दिवसभर छान चालतो आणि अंधार पडला की रीस्टार्ट होत राहतो ही तक्रार यातूनच येते: रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, विजेची मागणी वाढते आणि पडलेलं व्होल्टेज पुरत नाही.

किती केबल घ्यायची? फक्त वरच्या खोलीचं काम असेल तर १०० मीटरची कॉइल बस्स, कारण तिथे एक नाही, दोन केबल ओढायच्या आहेत. एक तुटली, उंदराने कुरतडली किंवा उद्या ॲक्सेस पॉइंट वेगळा लावावासा वाटला तर दुसरी तयार असते. संपूर्ण घराचं करायचं असेल तर ९-१० पॉइंट होतात: हॉलमध्ये टीव्हीमागे दोन, पहिल्या मजल्याच्या दोन बेडरूममध्ये एकेक, त्या मजल्याच्या जिन्याजवळ छताला एक, वर अभ्यासिकेत दोन, वरच्या पॅसेजच्या छताला एक, बाहेर कॅमेऱ्यांना दोन. सरासरी १८ मीटर धरले तर १८० मीटर, त्यावर १५ टक्के वाढवा, २१० मीटरच्या आत काम होतं. ३०५ मीटरचं एक खोकं घ्या. प्रत्येक केबल मोडेमजवळच्या एकाच जागेपासून थेट त्या खोलीपर्यंत अखंड जायला हवी. एका खोलीतून दुसरीत अशी माळ लावू नका आणि भिंतीत जोड तर अजिबात नको.

वाट कुठून काढायची

लाइटचे पाईप भरलेले आहेत हे चांगलंच झालं म्हणायचं, कारण रिकामे असते तरी त्यात लॅन घालायची नव्हती. गोंगाटाचा मुद्दा नंतरचा, आधी जिवाचा. लॅन केबलचं आवरण २३० व्होल्टच्या तारांशी घासत राहण्यासाठी बनवलेलं नसतं. ओढताना एखाद्या तारेचं इन्सुलेशन सोललं गेलं तर वीज थेट तुमच्या लॅपटॉपपर्यंत येऊ शकते. समांतर जाताना लाइटच्या पाईपपासून १५ ते २० सेंटिमीटर लांब राहा, ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा. बोर्डही वेगळा ठेवा: स्विचबोर्डच्या मोकळ्या खिडकीत लॅनचं सॉकेट बसवून घेणारे बरेच असतात, ते टाळा.

भिंत फोडायच्या आधी हॉलमधली टीव्हीची प्लेट उघडा. डिश टीव्हीची किंवा केबलवाल्याची काळी-पांढरी कोॲक्स केबल तिथे असणार, आणि ती बहुतेक घरांत गच्चीवरून खाली हॉलपर्यंत येते. तुम्हाला हवी तीच वाट. दोन माणसं घ्या, एकाने वर हलक्या हाताने ओढायचं, दुसऱ्याने खाली हात लावून बघायचं. केबल सरकली तर पाईप मोकळा आहे. मग त्या जुन्या केबललाच नवीन दोन केबल आणि एक नायलॉनची दोरी बांधून ओढून घ्या. जुना लँडलाइनचा पाईपही असाच तपासा. बीएसएनएलची तार मीटरबॉक्सपासून किंवा गच्चीवरून आलेली असते आणि आज ती कुणाच्याच कामाची नसते. केबल जागची हलली नाही तर जोर लावू नका. प्लास्टरचं पाणी पाईपात उतरून आत ती घट्ट धरलेली असते, तुटली तर ओढायला दोरही उरत नाही.

ही वाट बंद निघाली तर माझी दुसरी पसंती जिना. जिन्याच्या पोकळीत स्लॅब नसतो. भिंतीच्या कोपऱ्यातून, पायऱ्यांच्या कडेने चढत गेलं की एकही भोक न पाडता दुसऱ्या मजल्यावर पोचता येतं. कोपऱ्यात २५ मिलिमीटरचा पाईप किंवा पीव्हीसीची केसिंग पट्टी, भिंतीच्याच रंगात रंगवलेली, आठवड्याभरात कुणाला दिसेनाशी होते. बाथरूमच्या मागचा प्लंबिंगचा डक्ट हीदेखील सरळ उभी वाट आहे, पण तिथे उंदीर-घुशी आणि ठिबकणारं पाणी दोन्ही असतं, त्यामुळे केबल नुसती सोडू नका, वरपासून खालपर्यंत पाईपातच न्या आणि पाईपाची दोन्ही तोंडं बंद करा. उभ्या वाटेत दर मीटर-सव्वामीटरला पाईप क्लॅम्पने धरा. उघड्या केबलचा पूर्ण भार वरच्या एका वळणावर लटकत राहिला तर तिथल्या जोड्या दबतात.

स्लॅबला भोक पाडण्यावाचून गत्यंतर नसेल तर काही गोष्टी पाळायलाच हव्यात. बीम आणि कॉलमला हात लावायचा नाही. स्लॅबच्या पोटात पंखा-दिव्यांचे पाईप स्लॅब भरतानाच टाकलेले असतात आणि ते बहुधा पंख्याच्या बॉक्सपासून बोर्डाच्या भिंतीकडे सरळ जातात. ती रेघ सोडून जागा निवडा आणि ड्रिल लावण्याआधी दोन्ही मजल्यांचे एमसीबी पाडा. बाथरूमच्या खालचा खोलगट स्लॅब टाळा, तिथे वॉटरप्रूफिंग आहे. १६ ते २० मिलिमीटरचा बिट पुरतो. ड्रिल पुढे जाईना, आवाज बदलला, तर सळई लागली. ती कापायची नाही, ५ सेंटिमीटर बाजूला सरकून नवं भोक घ्यायचं. आरपार झाल्यावर पाईपचा तुकडा बसवा, वरच्या बाजूला तो फरशीच्या थोडा वर ठेवा म्हणजे फरशी पुसताना पाणी खाली उतरणार नाही.

गच्चीचा स्लॅब मात्र कधीही भोकायचा नाही. त्यावर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफिंगचा थर असतो, आणि एकदा त्यातून आरपार गेलात की पुढच्या प्रत्येक पावसाळ्यात छताला ओल दिसेल, कितीही सिलिकॉन भरा. गच्चीवर कॅमेरा किंवा ॲक्सेस पॉइंट हवा असेल तर जिन्याच्या वरच्या खोलीच्या भिंतीतून आडवं बाहेर पडा. भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा आणि बाहेर केबलला खाली एक झोळ द्या, पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जाईल.

भिंत फोडण्याबद्दल एवढंच: उभी झिरी चालते, लांब आडवी झिरी चालत नाही. चार इंची भिंतीत एक तृतीयांश जाडीपेक्षा खोल जाऊ नका. २५ मिलिमीटरचा पाईप आणि त्यावरचं प्लास्टर धरलं तर ही मर्यादा ओलांडली जाते, म्हणून अशा भिंतीत २० चा पाईप किंवा सरळ नऊ इंची भिंत निवडा. कोकणात आणि गोव्यात चिऱ्याच्या भिंती असतात. चिरा कडेने ढासळतो, तिथे छिन्नी-हातोडीपेक्षा कटरने दोन रेघा मारून मधला भाग काढणं चांगलं. अशा घरात मी तरी पट्टीच सुचवेन.

पाईप आणि ओढकाम

पाईप मीडियम ग्रेडचा घ्या, पातळ पाईप भिंतीत चेपतो. कॅट सिक्सची जाडी ६ मिलिमीटरच्या आसपास असते. पाईपाची चाळीस टक्क्यांहून जास्त जागा भरायची नाही हा नियम धरला तर २० मिलिमीटरच्या पाईपात २ केबल, २५ मध्ये ४, ३२ मध्ये ७ ते ८. जागा दिसते म्हणून पाचवी कोंबली की आधीच्या चारही अडकतात. वळणांना लांब बेंड वापरा, काटकोनी एल्बो नको. दोन बेंडनंतर जंक्शन बॉक्स द्या, तिथे थांबून केबल बाहेर काढायची आणि पुन्हा पुढे घालायची. केबल कुठेही २५ मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वाकता कामा नये.

रिकाम्या पाईपात वायर ओढायची स्प्रिंग जात नसेल तर दोऱ्याला प्लास्टिकच्या पिशवीचा छोटा बोळा बांधून एका तोंडात सोडा आणि दुसऱ्या तोंडाला व्हॅक्यूम क्लीनर लावा, बाकीची तोंडं कापडाने बंद करून. दोरा क्षणात पलीकडे येतो. मग त्या दोऱ्याने जाड दोरी आणि दोरीने केबल.

केबल बांधायची पद्धत महत्त्वाची आहे. दोन केबलची टोकं एकसारखी ठेवू नका. एक टोक दुसऱ्याच्या १० सेंटिमीटर मागे ठेवा, दोरीला गाठ मारून त्यावर टेप असा गुंडाळा की पुढचं टोक निमुळतं होईल. सपाट टोक प्रत्येक जोडावर अडतं. खोकं वरच्या मजल्यावर ठेवा आणि वरून खाली ओढा, केबलचं वजन आपल्या बाजूने काम करतं. वरचा माणूस केबल पाईपात ढकलतो, खालचा ओढतो, दोघांनी एकाच वेळी. शंखजिरं किंवा साधी टाल्कम पावडर हातात घेऊन केबलवर लावत राहा. तेल, ग्रीस अजिबात नको, आवरण फुगतं. ११ किलोपेक्षा जास्त ताण केबलला द्यायचा नाही. एका हाताने सहज येत नाही, पाय रोवावे लागतात, म्हणजे तुम्ही मर्यादेबाहेर आहात: थांबा, मागे सरकवा, अडलंय कुठे ते शोधा. ताणलेली केबल बाहेरून ठीक दिसते पण आतल्या जोड्यांचा पीळ सैल होतो, आणि हा पीळच एका जोडीचा संदेश दुसरीत मिसळू देत नाही.

प्रत्येक केबलसोबत एक रिकामी दोरी पाईपात सोडून ठेवा. सॉकेटच्या टोकाला ३० सेंटिमीटर आणि मोडेमच्या बाजूला दोन मीटर केबल जादा ठेवा. ओढण्याआधीच दोन्ही टोकांवर मार्करने नंबर लिहा, टेप मारल्यावर लिहायचं राहून जातं. बांधायला वेल्क्रो पट्टी वापरा. झिप टाय कचकन आवळला की केबल तिथे दबते.

टोकं बांधणं

भिंतीतल्या सॉलिड केबलला थेट कनेक्टर क्रिम्प करून (पक्कडीने दाबून बसवून) लोंबकळत सोडू नका. दोन्ही टोकांना सॉकेट, ज्याला आपल्याकडे आयओ म्हणतात, पंच करा (तारा त्याच्या पात्यांत दाबून बसवा) आणि तिथून उपकरणापर्यंत तयार पॅच कॉर्ड लावा. सॉलिड तार वारंवार वाकवली की मोडते, पॅच कॉर्डची बहुतारी केबल ते सहन करते. मॉड्युलर प्लेटवाल्या कंपन्यांचे लॅनचे मॉड्यूल मिळतात, त्यामुळे बाकीच्या बोर्डांशी रंग जुळतो. फक्त मागचा बॉक्स खोल घ्या, नाहीतर प्लेट लावताना केबल चिमटली जाते.

रंगांचा क्रम दोन्हीकडे एकच, बी पद्धतीचा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. सॉकेटवर ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन्ही क्रम छापलेले असतात, दोन्ही टोकांना बीच पाहा. जोडीचा पीळ १३ मिलिमीटरहून जास्त उलगडायचा नाही. दिसायला नीट यावं म्हणून दोन इंच सरळ करून भरणारे कारागीर असतात, त्यांना तिथेच थांबवा.

एक चूक फार सर्रास होते आणि साध्या टेस्टरला ती सापडत नाही. नारिंगी जोडी १-२ वर, हिरवी ३-४ वर, निळी ५-६ वर, तपकिरी ७-८ वर अशी ‘सरळ’ भरली जाते. दोन्ही टोकांना तसंच भरल्यामुळे टेस्टरचे आठही दिवे क्रमाने लागतात. पण संदेश ३ आणि ६ नंबरच्या तारांची जोडी म्हणून जातो, आणि इथे त्या दोन वेगवेगळ्या पिळांमधल्या असतात. परिणाम म्हणजे कमी लांबीवर चालल्यासारखं वाटतं, पंचवीस-तीस मीटरवर लिंक १०० वर उतरते किंवा सारखी तुटते. ‘लांब केबलमध्ये स्पीड पडतो’ या समजुतीचं एक मूळ इथे आहे.

कॅमेऱ्याच्या टोकाला क्रिम्प करणं भाग असतं. तिथे कॅट सिक्सचाच कनेक्टर घ्या, २३ गेजची जाड तार कॅट फाइव्हच्या कनेक्टरमध्ये शेवटपर्यंत जात नाही.

तपासणी प्लास्टर करण्याआधी. टेस्टरने आठही तारा पाहा, मग दोन्हीकडे लॅपटॉप लावून लिंक १००० दाखवते का ते पाहा. आयपर्फ ३ हे वेग मोजायचं सॉफ्टवेअर चालवलं तर गिगाबिटवर ९४० मेगाबिटच्या आसपास आकडा यायला हवा. लिंक १०० वर अडकली तर निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार बसलेली नाही, कारण १०० च्या वेगाला या दोन जोड्या लागतच नाहीत. सॉकेट पुन्हा पंच करा. पण त्याआधी मोडेमचं पोर्ट बघा. बऱ्याच मोडेममध्ये एकच पोर्ट गिगाबिटचं असतं आणि बाकीची १०० ची, त्यात केबलचा काय दोष? पंप किंवा एसी सुरू होताना लिंक तुटत असेल तर केबल कुठेतरी लाइटच्या तारांना चिकटून गेली आहे.

वरच्या खोलीत राउटर लावणार असाल तर त्याला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका. तो मोड नसेल तर त्याचं डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटायची सोय) बंद करा, त्याला मुख्य राउटरच्या पट्ट्यातला पण वेगळा पत्ता द्या आणि केबल लॅन पोर्टमध्ये घाला. ओढलेल्या दोन्ही केबल एकाच वेळी दोन्हीकडच्या साध्या स्विचला लावू नका, नेटवर्क स्वतःभोवतीच फिरत राहतं आणि सगळं घर ऑफलाइन होतं. दुसरी केबल राखीव ठेवा किंवा वेगळ्या उपकरणाला द्या. मोडेम, राउटर आणि स्विच तिन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. पीओई स्विच घेतला तर वरचा ॲक्सेस पॉइंटही त्यातूनच चालतो, लाइट गेली तरी. स्विच माळ्यावर, गच्चीच्या स्लॅबखाली बंद कपाटात ठेवू नका, मे महिन्यात तिथली हवा भट्टीसारखी होते.

केबलचा काही भाग घराबाहेरून न्यावा लागला तर दोन गोष्टी बदलतात. घरातल्या केबलचं करडं पीव्हीसी आवरण उन्हात काही वर्षांत तडकतं आणि पावसाळ्यात आत पाणी जातं, म्हणून बाहेर काळ्या पॉलिथिलीन आवरणाची आउटडोअर केबल घ्या. किनारपट्टीला हवेतलं मीठ कनेक्टर खातं, तिथे जोड बंद ग्लँडच्या (केबलभोवती घट्ट बसणाऱ्या रबरी तोंडाच्या) बॉक्समध्येच करा. आणि विजेचं: वळवाच्या आणि परतीच्या पावसात जवळ कडाडली की गच्चीवरून आलेल्या तांब्याच्या केबलमध्ये व्होल्टेज चढतं आणि मोडेमपासून टीव्हीपर्यंत सगळी पोर्टं एकदम जातात. सर्ज प्रोटेक्टर त्याला चांगलं अर्थिंग असेल तरच उपयोगी. आउटहाऊस, फाटकाजवळची खोली, शेजारची दुसरी इमारत अशा ठिकाणी मी तांबं सुचवतच नाही. फायबरवाले वापरतात तीच सिंगल मोड ड्रॉप केबल आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टरची (फायबर आणि लॅन जोडणाऱ्या डब्यांची) जोडी घ्या. एकाच तंतूवर चालणारे कन्व्हर्टर ए आणि बी अशा जोडीने येतात, एका टोकाला १३१० आणि दुसऱ्याला १५५० नॅनोमीटर. दोन्ही ए आणलेत तर लिंक येणार नाही. ड्रॉप केबलच्या कडेला पोलादी तार असते. ती बाहेरच्या हुकावरच थांबवा, घरात फक्त काचेचा तंतू येऊ द्या.

कामाच्या दिवशी वायरमनला आधी टीव्हीची प्लेट उघडायला सांगा. ती कोॲक्स सरकली तर पट्टी, झिरी, ड्रिल यांतलं काहीच लागणार नाही, दोन केबल दुपारपर्यंत वर पोचतील.